उजव्या कंबरेला, थोडं मागे

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज वर्गाला सहा जणी आल्या. त्यांतल्या दोघींनी पिस्तूल पर्समध्ये आणलं होतं, किल्ल्या आणि लिपस्टिकच्या शेजारी, सुटं. किल्ली चापात अडकली तर काय होईल, असं विचारलं तर एक म्हणते, "बाई, आजवर नाही ना अडकली!" तिला बाहेर उभं केलं. वयाच्या पन्नाशीत शिक्षा झाली म्हणून रडवेली झाली. होऊ दे.

आमच्या नेब्रास्का राज्यात आता पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं शिकावंही लागत नाही. मी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आम्लाची बाटली कुठे ठेवायची, हे ज्यांना सांगून समजत नसे तेच आता कमरेला पिस्तूल लावून दुकानात दूध आणायला जातात. ग्लेनने त्याच्या बंदुकांच्या दुकानामागची खोली मला दिली आहे ती त्यासाठीच. शनिवारी सकाळी फक्त बायका.

वर्ग संपल्यावर डॉना राइसिग मागे राहिली. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. कर्टची बायको. कर्ट माझा विद्यार्थी होता आणि बाकीच्यांपेक्षा बराच बरा होता. अजूनही दिसला की दार उघडून धरतो. आता गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख आहे.

डॉनाकडे वडिलांचं छोटं पिस्तूल आहे. रोज जवळ बाळगता येईल असं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, हवं म्हणाली. कशासाठी, असं मी विचारलं, कारण उत्तरावर जागा ठरते. दिवसभर वाकून काम, गाडीत पट्टा, अंगात कोट की नाही. ती म्हणाली, "संध्याकाळी दवाखान्याच्या मागे गाडी असते, बाई. एकटीच असते मी." बरं. तिला माझ्या खोक्यातलं चामड्याचं दिलं.

पिस्तूल बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी नापास होल्स्टरांचं एक खोकं असतंच. माझं जरा मोठं आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डॉनाने चामड्याचं परत आणलं. मऊ आहे, छान बसतं, पण पिस्तूल काढल्यावर तोंड मिटतं, म्हणाली. तक्रार बरोबर आहे. मिटलेलं तोंड म्हणजे पिस्तूल परत ठेवताना चामड्याची घडी चापावर दाब देणार. माझ्या ते आधीच लक्षात यायला हवं होतं. मी तिला शाबासकी दिली. तिने मान खाली घातली. कौतुकाची सवय नसावी.

मग पोटपट्टा दाखवला. रुंद लवचीक पट्टा, पोटाभोवती गुंडाळायचा, वर काहीही घाला. तिने तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"बाई, या वेल्क्रोचा आवाज किती होतो!"

"मग? तू काय चर्चमध्ये काढून ठेवणार आहेस का?"

"नाही, पण... शेजारच्या खोलीत ऐकू जाईल का?"

मी म्हटलं, डॉना, होल्स्टर निवडताना बघायच्या गोष्टी मोजक्या. चाप पूर्ण झाकलेला हवा, झाकण कडक हवं. पिस्तूल आपोआप सुटता कामा नये आणि हवं तेव्हा एका हाताने सुटलं पाहिजे. आणि दिवसभर अंगावर सहन झालं पाहिजे, कारण टोचणारं होल्स्टर माणूस चार दिवसांत कपाटात टाकतो, आणि कपाटातल्या पिस्तुलाचा काही उपयोग नाही. आवाज यात कुठेच येत नाही.

तिने पट्टा घेतला. पिस्तूल मात्र दुकानाच्या तिजोरीतच राहू दे म्हणाली, "घरी जागा नाही." मग रोज बाळगणार काय, रिकामा पट्टा? निळं प्लॅस्टिकचं खोटं पिस्तूल देऊ केलं, सरावासाठी. तेही नको.

अग्निशमन केंद्राचा बाराचा भोंगा व्हायच्या आत तिला नेहमी निघायचं असतं. वाक्य अर्धं टाकून उठते. शनिवारी बारापर्यंत पथकाचा सराव असतो, कर्ट घरी जेवायला येतो, हे ठीक. पण सूप गरम करायला एवढी घाई लागत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पोटपट्टा परत. आज कडक प्लॅस्टिकचं दिलं, विजारीच्या आत बसणारं. बाहेरून फक्त एक क्लिप दिसते. उजव्या कंबरेला, हाडाच्या जरा मागे. पिस्तूल रिकामं करून त्यात घातलं, उलटं धरून जोरजोरात हलवलं. हाललं नाही. तिला बसवलं, वाकवलं, गाडीत पट्टा लावून बसवलं. शर्टवर उठाव नाही. इतकं बरोबर बसलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

"आणि कोणी जवळ घेतलं तर?" ती म्हणाली.

आमच्याकडे चर्चमध्ये सगळे एकमेकांना मिठी मारतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा आहे. मी शिकवलं: आपले हात खाली ठेवायचे, म्हणजे समोरच्याचे हात आपोआप वर खांद्याकडे जातात. ग्लेनला बोलावलं. तो लगेच तयार.

"व्हर्ला, इतक्या वर्षांनी अखेर! थांब, टोपी काढतो."

"टोपी राहू दे आणि हात वर ठेव."

डॉना हसली. मग म्हणाली, "पण तो कमरेलाच धरतो."

"कोण?"

"कोणीही. म्हणजे, समजा."

मग विचारलं, कोणी मागून हिसकलं तर निघेल का. मी म्हटलं, लांबून नाही निघणार. तिने विचारलं, "जवळून?" मी तिला क्लिपची रचना समजावून सांगितली, फळ्यावर आकृतीही काढली. जोर वरून नाही, मागून पुढे यावा लागतो. तिने आकृती फार लक्ष देऊन पाहिली. अशी मुलगी माझ्या वर्गात असती तर पहिली आली असती.

शनिवार, १ मार्च

आज माझा राग अनावर झाला. तेही परत!

"बाजूला टोचतं, बाई."

"दाखव कुठे."

दाखवता येईना. मी तिचा शर्ट कमरेपाशी जरा वर केला तर दचकून मागे सरली. वळ वगैरे काही होल्स्टरचा नव्हता. वरती फासळ्यांशी पिवळटसर डाग होता, तो जुना. दवाखान्यातल्या खुर्चीवर आदळते म्हणाली. मी म्हटलं, खुर्ची बदलून घे, होल्स्टरला दोष देऊ नको.

मग नवाच प्रश्न. पायजम्यावर लावता येईल का? कंबरपट्टा नसताना?

"घरात कशाला? दार लावून घे."

"दार लावलेलंच असतं, बाई."

या मुलीला काय हवंय तेच मला कळत नाही. मी स्पष्ट सांगितलं: मी क्लिपचा कोन बदलून देते, जाड नाडीवरही ती बसेल. आता हेच वापरायचं. पिस्तूलही आज घरी घेऊन जायचं. पुन्हा परत करायला येऊ नकोस, माझ्याकडे इतर विद्यार्थिनीही आहेत.

ती थोडा वेळ उभी राहिली. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग भोंगा वाजला आणि ती पळालीच.

ग्लेन म्हणाला, "जरा जास्तच झापलंस."

मी म्हटलं, निर्णय न घेण्याची सवय लागली की आयुष्यभर जात नाही.

शुक्रवार, ७ मार्च

अग्निशमन पथकाचं चिली जेवण. नव्या होजपाइपसाठी वर्गणी. दरवर्षीप्रमाणे चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल, आणि दरवर्षीप्रमाणे चिलीत मीठ जास्त. कर्ट स्वतः वाढत होता. ॲप्रन बांधलेला, कमरेला वॉकीटॉकी. तो क्षणभरही काढत नाही. गावात कुठेही पोलीस किंवा रुग्णवाहिका बोलवली की ती खबर आधी त्याच्या कमरेला वाजते.

त्याला आनंद व्हावा म्हणून मी म्हटलं, "कर्ट, बायको हुशार आहे हो तुझी. चांगली शिकते आहे."

"काय शिकते, बाई?"

इथे नवरे लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला पिस्तूल देतात आणि चर्चच्या जेवणात त्याबद्दल बढाया मारतात. त्यामुळे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटलंच नाही. मी सांगितलं. त्याचा डाव पातेल्यावर थांबला. मग तो हसला.

"म्हणजे मला चकित करायचं असेल तिला. लग्नाचा वाढदिवस आहे ना आमचा. तिला सांगू नका हं, तुम्ही बोललात म्हणून."

"नाही सांगत."

"आणि कुठे लावते ती? मला तर काहीच दिसलं नाही."

"दिसणार नाहीच. उजव्या कंबरेला, थोडं मागे. मी स्वतः बसवून दिलंय." मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. क्लिप कशी सुटते तेही सांगितलं. त्याने बारकाईने ऐकलं. शाळेतही असाच ऐकायचा.

त्याने मला दोन रोल जास्त दिले.

डॉना पलीकडे वाट्या गोळा करत होती. आम्ही बोलताना तिने आमच्याकडे पाहिलं आणि हातातला अख्खा ट्रे पाडला. पुढच्या वेळी तिच्या हाताच्या पकडीकडे लक्ष द्यायला हवं.

शनिवार, ८ मार्च

डॉना आली नाही. कळवलंही नाही. मी रागावले त्याचा हा परिणाम असेल तर तिने राग धरू नये एवढं तिला समजायला हवं होतं.

मंगळवार, ११ मार्च

दुपारी कर्ट दुकानात आला. होल्स्टर परत करायला. "टोचतं म्हणते, बाई. मीच म्हटलं, राहू दे, तुला कशाला हे." मी काउंटरवर होते, घाईत होते, घेतलं आणि खोक्यात टाकलं. त्याने दारात म्हाताऱ्या लुट्झसाठी दार उघडून धरलं आणि गेला.

चार वाजता ग्लेनने ते खोक्यातून उचललं.

"व्हर्ला, हे कोणी मोडलं?"

मी दिवा जवळ ओढला.

क्लिप वाकली होती, पण उतरवताना वाकते तशी नाही. आपण स्वतः उतरवतो तेव्हा अंगठा आत घालून ती बाहेर ढकलतो आणि मग वर उचलतो. ही मागून पुढे पिळवटली होती. स्क्रू प्लॅस्टिक फाडून निघाला होता. अंगावर असताना, मागे उभं राहून, कोणीतरी पूर्ण ताकदीने ओढल्याशिवाय असं होत नाही. आणि ओढणाऱ्याला ते नेमकं कुठे आहे, कुठल्या बाजूने जोर द्यायचा, हे ठाऊक असल्याशिवाय.

क्लिपच्या दातांत धागे होते. पिवळं मऊ कापड, त्यावर बारीक निळी फुलं. पायजमा.

दार लावलेलंच असतं.

  मी हे इथे लिहिते आहे कारण लिहिताना तरी वाक्य पूर्ण करावं लागतं. तिला पिस्तूल कोणापासून लपवायचं होतं ते तिने मला महिनाभर सांगितलं. आवाज नको. कमरेला धरलं तर कळायला नको. जवळून हिसकता यायला नको. मी फळ्यावर आकृती काढली. आणि मग त्याच आकृतीचा धडा त्याला दिला, दोन रोलच्या बदल्यात.

बुधवार, १२ मार्च

दवाखान्यात फोन केला. डॉना रजेवर आहे, बर्फावरून घसरली म्हणे. गेल्या आठवड्यात बर्फ नव्हता.

संध्याकाळी कॅसरोल घेऊन त्यांच्या घरी गेले. कर्टनेच दार उघडलं. "बाई! या ना." ती स्वयंपाकघरात होती, उजवं मनगट बांधलेलं. मी म्हटलं, बरं आहे का? ती म्हणाली, "हो बाई. घसरले." कर्ट दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी पाणी मागितलं, त्याने दिलं. मी न्हाणीघर कुठे आहे विचारलं, तो दाखवायला बरोबर आला. मी बसले तितका वेळ तो खोलीबाहेर गेला नाही.

निघताना म्हणाला, "तुम्ही तिची काळजी घेता, बाई, मला फार बरं वाटतं. पण शनिवारचं आता नको."

डॉनाने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

ग्लेनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, शेरीफच्या पोलीस कचेरीत जाऊ. मग स्वतःच म्हणाला, तिथला डेप्युटी दर मंगळवारी कर्टकडे पत्ते खेळतो. आणि फोन केला तर पत्ता आधी कर्टच्या कमरेला वाजेल.

दुकानाच्या फोनवरून शेजारच्या वायोमिंग राज्यात, शायेनला, अशा बायकांसाठी असलेल्या मदतकेंद्राला फोन केला. आवाज फार तरुण होता. मी सरळ म्हटलं, मी जाऊन तिला घेऊन येते. ती मुलगी म्हणाली, "तिला यायचंय का, हे विचारलंत?"

नव्हतं विचारलं.

"आधी ते विचारा. एकटीला. ती नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर तिलाच आमच्याशी बोलू द्या. आणि त्याच्याशी अजिबात बोलू नका, मॅडम. काहीही नाही. शुभेच्छासुद्धा नाहीत."

मला कोणी शिकवावं असा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला. लिहून घेतलं.

आता हवीत ती डॉनाबरोबर एकांतात दहा मिनिटं. तो कामावर असतो तेव्हा तिला शेजारी त्याच्या आईकडे बसवतो. रोज. मदतीला, म्हणे. घरी येते ती संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, तो परत आल्यावर. म्हणजे एकटी नाहीच.

ग्लेन खिडकीतून शेतातल्या पाण्याच्या चाऱ्यांकडे बघत बसला. पाणी सुटायच्या आधी शेतकरी चाऱ्यांतलं वाळलं गवत जाळतात. त्यासाठी परवानगी कर्टकडून घ्यावी लागते.

"माझी चारी अजून जाळायची राहिली आहे," तो म्हणाला.

"खोटी आग कळवणं गुन्हा आहे, ग्लेन."

"खोटी कुठे? चांगली खरी लावतो. फक्त परवानगी मागायचं विसरतो. वय झालं माझं."

मंगळवार, १८ मार्च

वारा फार. ग्लेन थांबला. मी त्याला थांबवलं, असं लिहायला हवं. दोन दिवस आम्ही हवामान बघतो आहोत, जणू पेरणी करायची आहे. माझ्या कमरेला माझं पिस्तूल आहे, नेहमीसारखं. अकरा वर्षांत ते कधी जाणवलं नाही. या आठवड्यात सारखं जाणवतं.

गुरुवार, २० मार्च

काल पाऊस, आज वारा शांत. साडेपाचला आगीचा भोंगा झाला.

मी त्यांच्या घराच्या अलीकडच्या वळणावर उभी होते. कर्टची गाडी सुसाट बाहेर पडली. त्याची आई चारच्या बसने तिच्या बहिणीकडे गेली होती, हे ग्लेनला न्हाव्याच्या दुकानात कळलं होतं. मी दार वाजवलं.

डॉनाने उघडलं. मी पाठ केलेलं वाक्य बोलले, "तुला इथून जायचंय का? नाही म्हणालीस तर मी जाते."

तिने आधी रस्त्याकडे पाहिलं. मग विचारलं, "त्याला तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मला वाटलंच. त्याचा हात सरळ तिथेच आला. जराही शोधावं लागलं नाही त्याला."

 "चूक झाली" हे शब्द मी मुलांकडून वदवून घेत असे. मी तेच म्हटलं. तिने ते ऐकलं की नाही माहीत नाही, कारण ती आत गेली होती. कपडे वाळवायच्या यंत्रामागे हात घालून एका हाताने पिशवी ओढू लागली. भरलेली होती, तयार. किती दिवसांपासून, मी विचारलं नाही.

"पिस्तूल?"

"त्याच्याकडे. मला नकोच ते."

ती माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झाली. मी वर माझ्या कुत्र्याचं घोंगडं टाकलं. महामार्गाला जायला एकच रस्ता आहे, ग्लेनच्या शेतावरून.

ग्लेनने काम जरा जास्तच मनापासून केलं होतं. चारीच्या दोन्ही काठांना ज्वाळा, शेजाऱ्याच्या कुंपणाचे दोन खांब पेटलेले, आणि ग्लेन फावडं घेऊन इकडून तिकडे धावत, दोन्ही हात वर करून ओरडत, "अरे, मला काय माहीत एवढं पेटेल!" त्याला शाळेच्या नाटकात मी कधी घेतलं नसतं.

कर्ट रस्त्याच्या कडेला उभा होता, वॉकीटॉकी तोंडाशी. गाड्या सोडत होता. मला हात करून थांबवलं.

काच खाली करावी लागली. धूर आत आला. मागे खोकला येऊ नये एवढंच माझ्या मनात.

"बाई, इतक्या घाईत कुठे?"

बोलायचं नाही, असं त्या मुलीने सांगितलं होतं. मी तोंडावर रुमाल धरला आणि हाताने पुढे खूण केली. माझ्या कमरेचं पिस्तूल सीटच्या पट्ट्याखाली दबलेलं होतं. त्या स्थितीत ते काढायला किती वेळ लागतो हे मला नेमकं माहीत आहे, कारण मी ते शिकवते. फार वेळ लागतो. त्याची नजर माझ्यावरून मागच्या सीटवर गेली. घोंगड्यावर.

"कुत्रा आजारी?"

मी होकाराची मान हलवली.

मागून ग्लेन किंचाळला, "कर्ट! अरे, कोठाराकडे चाललंय रे!" कर्ट वळला. स्टिअरिंगवरून आम्ही गाववाले एकमेकांना एक बोट उचलून नमस्कार करतो. मी बोट उचललं आणि निघाले.

वायोमिंगची हद्द ओलांडेपर्यंत ती उठली नाही. मग उठून बसली, केसांना कुत्र्याचे केस चिकटलेले. माझ्या फोनवरून ती स्वतः मदतकेंद्राशी बोलली. मी रेडिओ लावून ठेवला म्हणजे मला ऐकू येऊ नये.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "ते तिसरं होतं ना, कडक प्लॅस्टिकचं, ते पहिल्याच दिवशी बरोबर बसलं होतं, बाई."

"मग परत का आणलंस?"

"तुम्ही विचाराल म्हणून. चामड्याचं परत आणलं तेव्हा वाटलं, आता विचाराल. पट्टा परत आणला तेव्हा वाटलं. तुम्ही सगळ्यांना सगळं विचारता."



एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये पांढरी व्हॅन उभी होती. जीन्स घातलेली पंचविशीची मुलगी उतरली. तिने डॉनाला हळूच काही विचारलं, मग माझ्या कमरेकडे पाहिलं. माझ्या पिस्तुलाचा उठाव कधीच दिसत नाही. तिला दिसला.

"मॅडम, तुम्ही तिथेच थांबा प्लीज. आमच्याकडे शस्त्र आणू देत नाही. आणि गाडी कुठे जाते ते बघू नका."

"मी तिची..." मी म्हटलं.

"तरीही."

डॉना परत आली, डाव्या हाताने माझा कोट धरला, क्षणभर. मग व्हॅनमध्ये बसली. मी दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. गाडीचा आवाज विरेपर्यंत.

सोमवार, २४ मार्च

कर्ट दुपारी दुकानात आला. दाढी केलेली, खत-बियाण्यांच्या कंपनीची टोपी. ग्लेनला दंडाची पावती दिली, हसत. मग माझ्या काउंटरशी आला.

"बाई, तुमच्याशी नेहमी मोकळेपणाने बोलता येतं. म्हणून विचारतो. मला तिची फक्त काळजी वाटते. तिचं मनगट दुखावलंय. ती कुठे आहे?"

त्याचा आवाज इतका चांगला होता की एक क्षण मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. हे मी लिहून ठेवते. ग्लेनने काम थांबवलं होतं.

त्या मुलीने सांगितलं होतं, त्याच्याशी काही बोलू नका. पण गप्प बसले असते तर मला ठाऊक आहे असं त्याला वाटलं असतं, आणि तो शोधत राहिला असता, माझ्यामार्फत. मग मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. मुलं खोटं बोलतात तेव्हा मी जसं बघते तसं तो माझ्याकडे बघत होता, माझ्याकडूनच शिकलेलं.

"मला माहीत नाही, कर्ट."

 त्याने माझ्या चेहऱ्यावर, गळ्यावर, हातांवर नजर फिरवली. त्याला काही सापडेना, कारण नव्हतंच. कोणता रस्ता, कोणतं घर, कोणतं गाव. ती व्हॅन गेली तेव्हा मी भिंतीकडे बघत होते.

"तुम्हाला तर सगळं माहीत असतं," तो म्हणाला.

"हे नाही."

तो गेला. दार त्याने कोणासाठी धरलं नाही. ग्लेन येऊन बसला आणि म्हणाला, "खरंच माहीत नाही तुला?"

मी म्हटलं, खरंच. आणि तूही मला विचारू नकोस, कोणीही कितीही गोडीत विचारलं तरी माझ्याकडून आता काही निघणार नाही. एवढ्या वर्षांत न येणाऱ्या उत्तराचं मला प्रथमच समाधान वाटलं.